अप्पासाहेबांची नळी

कमलचा साखरपुडा देवासच्या मुलाशी झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारताचं सरकार आलं, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. होळकरी घोडदळाचा रिसाला मोडला होता. रिसालदार अप्पासाहेब घरी बसले होते, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मालोजी सरकारी कचेरीत कारकून झाला होता. कमल ही मालोजीची धाकटी बहीण.

त्या सरकारची तऱ्हाच न्यारी. उन्हाळाभर ते इंदुरात राही, आणि थंडीची चाहूल लागली की फायली, कपाटं, कारकून असा सगळा बाडबिस्तरा घेऊन ग्वाल्हेरला जाई. मालोजीही अर्धं वर्ष तिकडे, अर्धं इकडे. त्याची बायको सुलोचना देपालपुरची. कचेरी तिकडे जाऊ लागल्यापासून दर दिवाळीला ती ऐकत आली होती, पुढच्या थंडीत तुम्हालाही नेतो. तिकडे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. तिथे दारावर चिकेचा पडदा नव्हता, नवऱ्याच्या आत्यासाहेब नव्हत्या, आणि भाजी आणायला आपणच पिशवी घेऊन मंडीत जायचं, असं मालोजीनं तिला सांगितलं होतं. त्या पिशवीचा विचार करत ती कितीतरी दुपारी नुसती बसून राही.

घर इंदुरात, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागच्या, म्हणजे होळकरांच्या समाध्यांमागच्या गल्लीत होतं. पुढे मोठी बैठक, बैठकीच्या मागच्या दाराला बांबूच्या काड्यांची चीक, आणि चिकेच्या आत बायका. बैठकीत परका पुरुष असला की घरची सून चिकेबाहेर पाऊल टाकत नसे. सासऱ्यासमोर तर तिनं कधीच तोंड उघडं ठेवलं नव्हतं. पदर हनुवटीपर्यंत ओढून ताट ठेवायचं आणि पाठ न दाखवता मागे सरायचं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण अप्पासाहेबांनी सुनेचा चेहरा पाहिला नव्हता आणि सून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर ते आत्यासाहेबांना सांगत, आणि आत्यासाहेब तिला. आत्यासाहेब म्हणजे अप्पासाहेबांची थोरली विधवा बहीण, आनंदीबाई. सुलोचनाला सासू नव्हती, तेव्हा घराच्या चाव्या यांच्याच कमरेला.

त्या श्रावणात अप्पासाहेबांची लघवी अडली. पोट तटतटून आलं. घोड्याखाली सापडून फासळ्या मोडल्या तेव्हाही ज्या माणसानं हूं केलं नव्हतं, तो अंथरुणात गुरासारखा ओरडू लागला. टांग्यात घालून इस्पितळात नेलं. तिथे लाल रबराची नळी आत सरकवली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. दिनानाथ डॉक्टर म्हणाले, आतली ग्रंथी वाढली आहे, कापायला हवी. पण छाती कमजोर आहे, क्लोरोफॉर्म सोसायचा नाही. तेव्हा नळी घेऊनच घरी जा आणि नळी घेऊनच राहा.

नळी घरी आली, पण तिचं करायचं कुणी, हा प्रश्न तिच्याबरोबरच आला.

आधी इस्पितळातला एक वॉर्डबॉय ठेवला. तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी गंगूबाईनं, म्हणजे घरच्या मोलकरणीनं, येऊन सांगितलं की तो पानाच्या दुकानावर उभा राहून रिसालदारसाहेबांच्या बाटलीची गोष्ट रंगवून सांगतो आहे आणि लोक हसताहेत. त्याला त्याच पावली घालवलं. मग महूची नर्स अंबिकाबाई आली. गोरगोमटी, मोठ्या आवाजाची बाई. ती आली की गल्लीत कळायचं. आठवडाभरानं शेजारच्या बाईनं आत्यासाहेबांना विचारलं, तुमच्याकडे रोज पांढऱ्या कपड्यातली नर्स येते, काय दुखणं आहे. कमलचं देवासचं बोलणं सुरू झालं होतं. रिसालदार आतून नासले आहेत असं तिकडे कळलं, तर मुलीचं कसं व्हायचं? आत्यासाहेबांनी अंबिकाबाईला सांगितलं, जायच्या आधी सगळं आमच्या सुनेला शिकवा.

असं ते काम सुलोचनाच्या गळ्यात पडलं. तिला कुणी विचारलं नाही.

अंबिकाबाईनं मन लावून शिकवलं. नळी मांडीला चिकटपट्टीनं लावायची, म्हणजे ओढ बसत नाही. काचेची बाटली नेहमी पलंगाच्या खाली. वर गेली तर घाण उलटी आत जाते. नळीला कुठे मुरड पडली नाही ना, हे येता-जाता हात फिरवून पाहायचं. पिचकारी आणि वाटी उकळून घ्यायची, बोरिकच्या कोमट पाण्यानं नळी धुवायची, आपले हात आधी साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. पाणी भरपूर पाजायचं, जवाचं पाणी, ताक, जे गळ्याखाली उतरेल ते. पोट साफ झालं नाही तर एनिमाचा डबा कसा टांगायचा, किती उंचीवर, हेही दाखवलं. पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची, कूस बदलायची. आणि सगळ्यात वरचं, नळी बंद राहता कामा नये. जाताना तिनं सुलोचनाचे हात हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, हात चांगला आहे तुमचा, घाबरत नाही. सुलोचनाला ते ऐकून बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. हात चांगला आहे म्हटल्यावर आता कोण सोडणार?

पहिल्या दिवशी मोठी पंचाईत झाली. पदर ओढला तर नळी दिसेना, आणि पदर मागे सारला तर रीत मोडते. ती पलंगापाशी तशीच उभी. तेव्हा अप्पासाहेबांनीच वाट काढली. त्यांनी छातीवरचं उपरणं उचललं आणि स्वतःच्या तोंडावर घेतलं. झालं. आता त्यांना ती दिसत नव्हती, तेव्हा तिचं तोंड उघडं असलं तरी चालत होतं. त्या दिवसापासून तिच्या पावलाची चाहूल लागली की उपरणं वर जाई, आणि ती बाहेर पडली की खाली येई. उपरण्याखाली त्यांचा श्वास वरखाली होताना दिसे. ती मनात म्हणे, यांनाही कुठे सुटका आहे?

आत्यासाहेबांचे नियम वेगळेच. बाटलीला हात लावला की डोक्यावरून आंघोळ. दिवसातून कितीदा करणार? तेव्हा त्यांनी तिचा स्वयंपाकघरातला वावरच बंद केला. पंक्तीला बसणं बंद, देवघर बंद. तिचं ताट मागच्या पडवीत येई. गंगूबाई ते लांबून सरकवून देई आणि म्हणे, "वहिनीसाब, तुम्ही तर मालकीण होऊन अछूत झालात, भई. माझ्यापेक्षा तुमचंच ताट दूर." सुलोचना हसे. दुसरं काय करणार?

थोड्याच दिवसांत तिला दिसलं की बाटलीतली लघवी चहासारखी तांबडी येते आहे. पाणी कमी पडत होतं. तिनं आत्यासाहेबांकरवी निरोप दिला, पाणी जास्त घ्यावं. घेतो, असं उत्तर आलं. पण भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच असे. मग कमलनं सांगितलं की अप्पासाहेब पाणी पिकदाणीत ओततात. का ते सुलोचनाला लगेच उमगलं. प्यायलं की बाटली भरते, आणि बाटली भरली की सुनेला यावं लागतं. तिचा हेलपाटा वाचावा म्हणून म्हातारा तहान मारत होता.

तिला बोलता तर येत नव्हतं. मग ती दाराआड उभी राहून हातातल्या बांगड्या वाजवू लागली. आत शांत. पुन्हा वाजवी. अखेर तांब्याचा आवाज येई, घोट गिळल्याचा आवाज येई. तेवढं ऐकून ती जाई. अशी त्या दोघांची बोलणी चालत.

दिवाळी आली. देवासहून होकार आला. आत्यासाहेबांनी घाई केली. त्यांचा हिशेब सरळ होता. भावाचं काही बरंवाईट झालं तर लग्न वर्षभर लांबेल, आणि वर्षभरात देवासकरांचं मन काय राहील कोण जाणे. तुळशीची लग्नं आटोपली की लगेच साखरपुडा, असं ठरलं. मालोजी रजा काढून आला, आणि या खेपेला त्यानं येताच आत्यासाहेबांना सांगितलं की साखरपुडा झाला की मी सुलोचनाला घेऊन जाणार आहे. क्वार्टर मिळालं आहे. आत्यासाहेब म्हणाल्या, आणि अप्पांचं? मालोजी म्हणाला, संताजी करेल. तो पुरुषमाणूस आहे, घरचा आहे, बाहेर बोलणार नाही. सुलोचना त्याला शिकवेल.

संताजी हा अप्पासाहेबांचा रिसाल्यातला जुना ऑर्डर्ली. घोडे गेले तरी तो राहिला होता. धन्यासाठी जीव टाकील असा. पण हात घोड्यांवर बसलेला.

सुलोचना त्याला शिकवू लागली. पडद्याआडून सांगायची, तो करायचा. साबणानं हात धुवा म्हटलं की तो म्हणे, "वहिनीसाहेब, धुतलेत ना सकाळी." पिचकारी उकळा म्हटलं की विचारी, किती कढ काढायचे, डाळीइतके का? पण अप्पासाहेबांवर त्याचा हात हळू फिरे. आणि गंमत अशी की त्याच्यासमोर अप्पासाहेब उपरणं घेत नसत. मोकळेपणी शिव्या देत. "अरे गाढवा, तंग कसतोस का? माझ्या पोटाला लावलेली आहे ती, घोडीच्या नव्हे." संताजी म्हणे, "घोडी बरी होती साहेब, बोलत नव्हती." सुलोचना पडद्याआड हसे. तिला वाटू लागलं, जमेल. ग्वाल्हेरला न्यायची ट्रंक तिनं माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

साखरपुड्याचा दिवस ठरला तशी आत्यासाहेबांनी नवी गोष्ट काढली. वधूपिता म्हणून अप्पासाहेबांनी बैठकीत गादीवर बसलंच पाहिजे. अंगरखा, पगडी, कमरेला शेला. आणि बाटली? बाटली दिसता कामा नये. दिनानाथ डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडा वेळ नळीच्या तोंडाला लाकडी डाट, म्हणजे बूच, लावा, पण पाहुणे आले की मग लावा, टिळा झाला की लगेच उघडा. जास्त वेळ नको, आणि तोवर पाणी नको.

तेव्हा बेत असा ठरला. पाहुणे दारात आले की संताजीनं डाट लावायची. टिळा झाला की त्यानं बैठकीत येऊन सांगायचं, डॉक्टरसाहेब आलेत, आणि अप्पासाहेबांना आत आणून डाट काढायची. हे संताजीचं पहिलंच एकट्याचं काम. सुलोचनानं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सकाळी निरोप आला, देवासचे निघाले. थोड्या वेळानं गंगूबाई धावत आली, छत्र्यांपाशी मोटार दिसली. संताजीनं डाट लावली. अप्पासाहेबांना अंगरखा चढवला, बैठकीत नेऊन बसवलं. ती मोटार दुसऱ्याच कुणाची होती. देवासकरांची मोटार वाटेत बंद पडली होती. पण एकदा पगडी चढवून बसवलेल्या वधूपित्याला उठवून आत कोण नेणार? आता येतील, आता येतील, असं म्हणत सगळे बसले. गल्लीतली चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर अप्पासाहेब ताठ बसून राहिले.

पाहुणे आले ते टांग्यांनी. मुलाचे वडील नानासाहेब, त्यांचे भाऊ, मुलगा श्रीकृष्ण, आणि आणखी पाचसात मंडळी. आल्या आल्या नानासाहेबांनी मोटारीची चिंता बोलून दाखवली, तशी आत्यासाहेबांनी आतूनच हुकूम सोडला, संताजीला ड्रायव्हरबरोबर पाठवा, धक्का मारून आणतील. संताजी दारातच पट्टा लावून उभा होता. त्यानं एकदा आत पाहिलं. आत्यासाहेबांचा शब्द मोडायची त्याची हिंमत नव्हती. तो गेला.

सुलोचना चिकेच्या आत होती. तिला काड्यांच्या फटींतून गादी सरळ दिसत होती. संताजी गेला हे तिला कळलं तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, टिळ्याला कितीसा वेळ लागतो?

वेळ लागला. नानासाहेब बोलघेवडा माणूस. केशराचं दूध आलं, तेव्हा ते म्हणाले, रिसालदारसाहेब, तुम्ही घेतल्याशिवाय आम्ही कसं घेणार? अप्पासाहेबांनी पेला उचलून तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मग नानासाहेबांनी एका वाघाची गोष्ट काढली. वाघ काही केल्या मरेना. भटजी पत्रिका घेऊन बसले होते, त्यांनाही मधे तोंड घालता येईना.

अप्पासाहेबांचा डावा हात तक्क्यावर होता. तो हात आधी तक्का दाबू लागला, मग मूठ झाली. कपाळावर पगडीखालून घाम उतरला. ते हसत होते, मान डोलावत होते. पण ओठांचा रंग गेला होता. बाकी कुणाला दिसत नव्हतं. जिला दिसत होतं ती चिकेच्या आत होती.

तिनं आत्यासाहेबांच्या कानाशी सांगितलं, त्यांना आत आणायला हवं. आत्यासाहेब कमलच्या केसांत गजरा खोचत होत्या. म्हणाल्या, "पुरुषमंडळी बसली आहेत सूनबाई. टिळा होऊ द्या. जरा धीर धरा." पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं पाहिलं, आणि ते पाहणंच पुरे होतं.

मग तिनं गंगूबाईला पुढच्या दारानं मालोजीकडे पाठवलं. पण चार पाहुण्यांच्या देखत गंगूबाई काय म्हणणार? नळी, लघवी हे शब्द बैठकीत कसे काढणार? तिनं वाकून सांगितलं, मोठ्या साहेबांची दवाईची वेळ झाली. मालोजी म्हणाला, होऊ दे एवढं, मग घेतील. आणि तो पुन्हा वाघाकडे वळला. त्याला वाटलं, रोजचं चूर्ण असेल.

आता तिच्यापुढे एकच उरलं. कोनाड्यात हात धुवायची मोठी पितळी तस्त होती. ती उचलायची, पदर छातीपर्यंत ओढायचा, आणि सरळ बैठकीत जायचं. शेल्याखाली हात घालून डाट काढायची, पुढचं पुढे. जायला दहा पावलंही नव्हती. साखरपुडा मोडला असता, कदाचित. देवासकर उठून गेले असते. सुलोचनानं तस्त उचलली. बांगड्या तस्तीवर वाजल्या. तिनं चिकेची कड धरून वर उचलली.

तो आवाज अप्पासाहेबांनी ओळखला. त्यांनी मान वळवली आणि थेट चिकेच्या फटीत पाहिलं. तक्क्यावरचा हात त्यांनी उचलला, पंजा जमिनीकडे केला, बोटं जुळवून, आणि जरासा खाली दाबला. रिसाल्यातली खूण. पुढे जायचं नाही, जागेवर थांब. संताजीला ते अंगणात अशीच खूण करत, म्हणून तिला ती ठाऊक होती. बैठकीतल्या माणसांना वाटलं, म्हातारा गोष्टीला दाद देतो आहे.

ती थांबली. चिकेची कड तिच्या हातून सुटली.

त्यानंतर टिळा झाला, पण आत न्यायला संताजी परतला नव्हता. मग साखर वाटली, अंगठी झाली, विडे झाले. ती तस्त पोटाशी धरून उभी होती. कुणीतरी तिला म्हणालं, ही कशाला धरून बसलात, ठेवा. तिनं ठेवली नाही.

पाहुणे जेवणाच्या पंक्तीला वळले, तेव्हा अप्पासाहेबांना उठवलं. त्यांचे पाय खाली टेकेनात. पाय आखडले असतील, असं म्हणत मालोजीनं आणि एकानं त्यांना धरून आत आणलं, पलंगावर निजवलं. सुलोचना आत आली. अप्पासाहेबांनी उपरणं तोंडावर घेतलं. एवढं झालं तरी घेतलं.

तिनं शेला सोडला आणि पाहिलं. डाट होतीच, पण डाटेच्या वर नळीवर दोरा आवळलेला होता. संताजीला भीती वाटली होती की डाट निसटली तर पांढरी गादी भिजेल आणि साहेबांची इज्जत जाईल. म्हणून त्यानं घोड्याच्या पिछाडीच्या दोराला मारतात ती गाठ मारली होती. ओढ बसेल तशी आवळत जाणारी. बसून बसून ती रबरात रुतली होती. नखानं निघेना. कमलच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणली, गाठीच्या वरच्या अंगाला नळी कापली, आणि तस्त खाली धरली.

आधी काहीच आलं नाही. मग आलं, आणि तांबूस आलं. अंबिकाबाईनं सांगितलं होतं, फार साठलेली लघवी एकदम सोडायची नाही, माणसाची शुद्ध हरपते. तेव्हा तिनं नळी बोटांत दाबून धरली, थांबली, पुन्हा सोडली, पुन्हा धरली. उपरण्याखालून आवाज आला नाही. नुसतं कापड तोंडाशी ओलं झालेलं दिसलं.

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी पलंग हलत होता. दिनानाथ डॉक्टर आले, नळी बदलली, पेनिसिलिन सुरू केलं. म्हणाले, विष रक्तात चढलं आहे. कुणी बांधली होती ती नळी? संताजी ओटीवर बसून कपाळ बडवून घेत होता. अप्पासाहेबांनी आतून विचारलं, कोण रडतंय, आणि कळल्यावर त्याला बोलावून म्हणाले, "गाठ चांगली होती रे. निसटली नाही." त्यावर तो जास्तच रडला.

मालोजीनं त्या दिवशी सुलोचनाला मागच्या पडवीत गाठलं.

"तुम्हाला कळत होतं. सगळ्या घरात तुम्हा एकटीला कळत होतं. मग तुम्ही बाहेर आला का नाहीत?"

आत्यासाहेब आतून म्हणाल्या, "कशी येईल? या घरची सून आहे ती. नाव राखलं तिनं."

आत्यासाहेब पुढे येईल-जाईल त्या बाईला तेच सांगू लागल्या. सासऱ्यांना भर बैठकीत बरं वाटेना, तरी आमच्या सूनबाई चिकेच्या बाहेर आल्या नाहीत हो. देवासलाही ते गेलं, आणि तिकडून सुलोचनाला मुद्दाम लुगडं आलं. तिनं ते पेटीत तळाशी टाकलं. नवरा म्हणतो का आली नाहीस, आत्यासाहेब म्हणतात बरं केलंस, आणि खरं काय ते तिला कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनीच मला थांबवलं, असं म्हटलं तर कोण मानणार? अंथरुणावरच्या माणसावर ढकलते, असंच म्हणतील. ती खूण दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती.

तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी ती नळी धुवायला आत गेली. अप्पासाहेबांनी उपरण्याला हात घातला नाही. तिला वाटलं ग्लानीत असतील, म्हणून तिनं पदर ओढला. ते जागे होते.

"सूनबाई, थांबवलं ते मी. तुमच्याकडे दोष नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले होते. तिनं पेला उचलला.

"पाणी घ्यावं."

"घेतो," ते म्हणाले. तिनं मानेखाली हात घालून पाजलं. त्यांनी पेला पुरा केला.

मालोजीची रजा संपली. तो ग्वाल्हेरला एकटाच गेला. जाताना म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. पुसून ठेवलेली ट्रंक गंगूबाईनं पुन्हा माळ्यावर चढवली.

मार्गशीर्ष लागला तसं अप्पासाहेबांना गिळता येईना. घोट घशात अडे, ठसका लागे. दिनानाथ डॉक्टरांनी नाकातून पोटात बारीक नळी घातली. आता एक नळी खाली आणि एक वर, आणि दोन्ही सुलोचनाकडे. दूध गाळून कोमट करायचं. आधी नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहायचं. मग डोकं उंच करून फनेल धरायचं आणि दूध हळूहळू सोडायचं. शेवटी थोडं पाणी, म्हणजे नळीत दूध फाटत नाही. ती ते करी. पण अप्पासाहेबांना नाकातली नळी सहन होईना. अर्धवट शुद्धीत ते हात वर नेत आणि उपसून टाकत. एकदा उपसली, दोनदा उपसली. घालताना दर वेळी रक्त येई.

डॉक्टर म्हणाले, हात मऊ फडक्यानं पलंगाला बांधून ठेवा. संताजीला सांगितलं. तो फडकं हातात घेऊन उभा राहिला, मग त्यानं ते खाली ठेवलं. "मी आता कशालाच गाठ मारणार नाही," म्हणाला, आणि निघून गेला. आत्यासाहेब म्हणाल्या, मग सूनबाई बांधतील.

सुलोचनानंही बांधले नाहीत. ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत धरले. हात सोडले की ते नाकाकडे जात, म्हणून सोडता येत नसत. ताट पडवीत निवून जाई. गंगूबाई दारातून विचारी, वहिनीसाब, जरा उठता का? ती मान हलवून नाही म्हणे. पदर घसरला तरी ओढायला हात मोकळा नव्हता. आत्यासाहेब दारापर्यंत येत, सुनेचं उघडं डोकं पाहत आणि परत जात. अप्पासाहेबांचे डोळे कधी उघडत. तिच्याकडे पाहत, छताकडे पाहत, पुन्हा मिटत. हातांत अजून घोडेस्वाराचा जोर होता. ते उपटायला बघत, ती धरून ठेवी. कधी तिला वाटे, सोडून द्यावे, काढू द्यावी त्यांना ती नळी. दुसऱ्या कुणी नाही तरी यांनी तरी सुटावं. पण बोटं सुटत नसत.

मालोजीला तार गेली. तो पोचला तेव्हा उशीर झाला होता. कमलचं लग्न वर्षभर लांबलं, आणि देवासकर थांबले.

अप्पासाहेब १९५३ साली, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, शनिवारी सकाळी वारले.